मशीनने न विचारलेला प्रश्न

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. एकदा बायकोला सांगायला बसलो, पण निम्म्यातच माझ्या लक्षात आलं की मी ती जरा बदलून सांगतो आहे. गर्दी होती त्याहून जास्त सांगितली, गोंगाट जास्त सांगितला, आणि मी हळू आवाजात बोललो होतो असं सांगितलं. मी हळू बोललो नव्हतो. मग चहा गार झाल्याचं निमित्त करून उठलो. आता ती नाही. आबाही नाहीत. आणि ज्यांना खरं कळायला हवं ती दोन माणसं, एक बहीण आणि एक भाऊ, अजून चुकीचंच धरून बसली आहेत. म्हणून लिहितो.

मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. बोदवड, अमळनेर असं करत शेवटची बरीच वर्षं जळगावला काढली आणि तिथूनच निवृत्त झालो. खिडकीच्या आत बसून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर काही काळाने स्टेशनात तिकिटाची मशीनं आली. माणसाने स्वतः पडद्यावर बोट ठेवायचं, स्टेशन निवडायचं, मोठे किती, लहान किती, फक्त जायचं की जायचं-यायचं ते सांगायचं, आणि खालच्या फटीतून तिकीट बाहेर. खिडकीवरची रांग कमी व्हावी म्हणून ती आणली होती. पण लोक मशीनपाशी यायचे, बघायचे आणि पुन्हा खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

त्यांना हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसू यायचं. एक गृहस्थ मशीनच्या अगदी तोंडाशी वाकून मोठ्याने "पाचोरा!" असं ओरडले आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. बायका पडद्याला बोट लावण्याआधी ते पदराला पुसायच्या. शेतकरी माणूस दारावरची बेल दाबावी तसं बोट रुतवून धरायचा, त्यामुळे एकाऐवजी चार माणसांचं तिकीट पडद्यावर यायचं आणि तो घाबरून मागे सरायचा. शेवटी रेल्वेने आमच्यासारख्या निवृत्त माणसांना मशीनपाशी उभं केलं. आम्हाला एक कार्ड असायचं, ते लावून लोकांना तिकिटं काढून द्यायची, त्यावर थोडं कमिशन. आयुष्यभर खिडकीच्या आतून हात बाहेर काढणारा मी आता बाहेर, माणसांच्यात उभा राहिलो. मला ते आवडलं.

माझे शेजारी आबा हे मेहरूणला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहाटे आम्ही दोघं तलावाच्या कडेने फिरायला जायचो. मी मशीनपाशी उभा राहतो हे कळल्यावर ते मुद्दाम बघायला आले.

"काय नाना, मशीन उनं तरी तू आठेच शे?"

"मशीन आलं, पण लोकांना येत नाही ना आबा."

"मग मशीन कशाले आनं? तुलेच ठेवतात. तुले वीजबी लागत नही."

आबा घरात आणि आमच्याशी अहिराणीच बोलायचे. त्यांचं मूळ गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याजवळ. माझी भाषा नोकरीने पुस्तकी करून टाकली होती, म्हणून ते मला "खिडकीतला माणूस" म्हणायचे.

माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ खायचा तो मशीनचा एकच प्रश्न: फक्त जायचं, की जायचं-यायचं? स्टेशन लोक पटकन सांगायचे. किती माणसं तेही सांगायचे. पण "रिटर्न देऊ का?" असं विचारलं की माणसं आपलं सगळं घर उघडून बसायची. "आता कसं बघा, चाललो तर लेकीकडे, जावयाने ठेवून घेतलं तर राहू, नाहीतर संध्याकाळी येऊ." मागे रांग चुळबुळ करायची. म्हणून मी चेहऱ्यावरून आणि पिशव्यांवरून ओळखायला शिकलो. हातात फाईल असली आणि अमळनेर मागितलं तर कोर्टाची तारीख, म्हणजे रिटर्न. नवी साडी आणि मोठी बॅग म्हणजे लग्न, एकेरी.

आणि दारावर जाणारे तर मला लांबूनच कळायचे. एखाद्याच्या घरी माणूस गेला की नातलगांनी त्या घरी जाऊन बसायचं, याला आमच्या खानदेशात दारावर जाणं म्हणतात. दारावर गेलेला माणूस सहसा मुक्काम करत नाही. बसतो, चार शब्द बोलतो आणि त्याच दिवशी परततो. त्यामुळे त्यांना नेहमीच रिटर्न लागायचं. त्यांच्याकडे सामान नसायचं, पोरांसाठी खाऊची पुडी नसायची, साड्या साध्या असायच्या आणि आपसातलं बोलणं खालच्या आवाजात चाललेलं असायचं. मी विचारायचो, "दारावर का? रिटर्न देतो." माणसं चकित व्हायची. "तुम्हाला कसं हो कळलं?" दुसऱ्या मशीनवरच्या सोबत्यांना हे जमत नव्हतं. माझी रांग त्यांच्यापेक्षा लवकर सरकायची. मला त्याचा अभिमान होता, हे लिहून टाकतो. पुढे पुढे तर मी माणसाकडे पूर्ण बघेनासाच झालो. नजर पडद्यावर, कान मागे, आणि गावाचं नाव आणि बोलण्याचा सूर ऐकला की तोंडातून वाक्य बाहेर.

आता आबांचं एक काम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्यांच्या गावाकडच्या आणि भावकीतल्या कितीतरी मुली इकडे जळगाव, बोदवड, रावेर भागात दिलेल्या होत्या. गावात कुणा मुलीचा बाप किंवा आई गेली की फोन आबांना यायचा. मुलीला थेट कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. "तब्येत जास्त आहे, बोलावलंय" एवढंच सांगायचं आणि कुणीतरी जाऊन तिला घेऊन यायचं. ते घेऊन येणारे आबा. फोन आला की ते अंघोळ करून तासाभरात निघायचे. एक लहान कापडी पिशवी त्यांच्या खुंटीला कायम भरलेली असायची, त्यात पाण्याची बाटली, टॉवेल, आणि बिस्किटाचा पुडा.

तलावाच्या कडेने चालताना त्यांनी मला हे काम कसं करायचं ते थोडंथोडं सांगितलं होतं. भाड्याची जीप करायची नाही, कारण आजारी माणसाला भेटायला कुणी जीप करत नाही, मुलीला लगेच समजतं. बसने किंवा रेल्वेने, रोजच्यासारखं जायचं. मुलीच्या सासूला मागच्या दारी बोलावून खरं सांगायचं, म्हणजे ती दोन जास्तीच्या साड्या पिशवीत टाकते. घरातून निघाल्यावर पहिलं काम म्हणजे मुलीचा मोबाईल घ्यायचा, "माझी बॅटरी संपली, जरा दे" म्हणून, आणि परत द्यायचा नाही. कारण आता गावाच्या ग्रुपवर लगेच फोटो येतो, खाली श्रद्धांजली येते. वाटेत तिला काहीतरी खायला घालायचं, पोहोचल्यावर दिवसभर पोटात अन्न जाणार नसतं. बोलायचं ते कापसावर, पावसावर, शाळेतल्या पोरांवर. आणि गाव दिसायला लागलं की शेवटच्या वळणावर तिचा हात धरायचा. तोंडाने सांगावं लागत नाही, असं आबा म्हणायचे. हात धरला की तिला कळतं, आणि तोवर घर समोर असतं, आई असते, बहिणी असतात.

हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. माझी नात म्हणते, हे फसवणं आहे, प्रत्येकाला कळण्याचा हक्क आहे. असेलही. पण आबांनी आणलेल्या मुली पुढे वर्षानुवर्षं दिवाळीला त्यांच्या पाया पडायला यायच्या. मी पाहिलं आहे.

त्या दिवशी उन्हाळा होता. स्टेशनात पंखे फिरत होते, पण वारा गरम. लग्नाचे दिवस, त्यामुळे गर्दी. सुरतकडे जाणारी पॅसेंजर लागायची होती आणि खिडकीच्या रांगा दारापर्यंत गेल्या होत्या. माझ्याही मागे माणसांची रेटारेटी. एकाला धरणगाव दिलं, एकाला नंदुरबार. तेवढ्यात कानाशी आवाज आला,

"शिंदखेडा, दोन."

मी स्टेशन दाबलं. दोन दाबलं. मशीनने विचारलं, जायचं की जायचं-यायचं. आवाज खालचा होता, थकलेला होता, मी तो ओळखला नाही. माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं,

"दारावर का? रिटर्न देतो."

 मागून एका बाईचा आवाज आला, हसऱ्यासारखा. एखादा म्हातारा चुकला की आपण समजुतीने बोलतो, तसा.

"नही हो बाबा. मना बाप दवाखानामा शे. त्याले भेटाले चालनूत."

मी वळून पाहिलं. समोर आबा उभे होते. त्यांच्या एका हातात पिशवी होती, आणि दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता, जिथे दोन मोबाईल होते. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, ते बऱ्याच वेळापासून माझ्याकडे बघत असावेत. मी मान वर करेन, ओळखेन आणि गप्प राहीन, एवढ्याच भरवशावर ते माझ्या मशीनपाशी आले असणार.

त्यांच्या मागे ती. तिशी-पस्तिशीची, डोक्यावर पदर, कपाळावर घाम. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ती आबांकडे वळली.

"आबा, काय म्हनी राहिनात हाई बाबा?"

आबांनी आयुष्यात अशा कितीतरी प्रश्नांना उत्तरं दिली होती. "म्हाताऱ्याला ऐकू येत नाही" असं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो उशीर झाला. तिने तो पाहिला.

"आबा?"

"चाल व माय. गाडीना टाईम व्हयी गया."

"आबा, मना मोबाईल द्या."

ते खिशावरचा हात काढेनात. तिने त्यांच्या मनगटाला धरलं आणि मग ती खाली बसली. पडली नाही, बसली, मशीनच्या पायाशी. आणि जो आवाज केला तो मी लिहिणार नाही. मग तिची शुद्ध गेली.

त्यानंतर मी काय केलं, हे सांगायलाच मी हे लिहितो आहे. मी पाणी दिलं. दोघांनी धरून तिला बाकावर नेलं, त्यात एक मी होतो. आबा तिच्या तळव्यांना पाणी लावत होते. कुणी कांदा आणायला धावलं. आणि मग मशीनपाशी रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "अहो काका, गाडी लागली, तिकीट द्या की!" आणि मी परत गेलो. मशीनपाशी उभा राहिलो आणि तिकिटं काढून द्यायला लागलो. मला वाटलं, तेवढं झालं की येतो. खरं तर तिच्याकडे बघवत नव्हतं आणि पडद्याकडे बघणं सोपं होतं.

पॅसेंजर आली आणि गेली. ती दोघं बाकावरच होती. ती शुद्धीवर आली, रडली, पुन्हा तिची दातखीळ बसली. स्टेशनातल्या डॉक्टरने तिला आडवं करून ठेवलं. आबांच्या खिशातले दोन्ही मोबाईल वाजत होते, पण त्या कोलाहलात त्यांचं लक्ष नव्हतं. लक्ष असतं तरी ते उचलून त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. गावाकडे सगळे समजून होते की ती दोघं गाडीत आहेत. शिंदखेडा स्टेशनवर न्यायला आलेली जीप रिकामी परत गेली. फोन कुणी उचलेना. उन्हाने जमीन भाजत होती, बर्फाची सोय नव्हती, वडीलधारे म्हणाले, आता थांबता येणार नाही. ती दोघं शेवटी भाड्याच्या गाडीने निघाली आणि दुपार कलल्यावर गावात पोहोचली, तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती.

मुलीला बापाचं तोंड दिसलं नाही.

हे मला त्याच रात्री आबांच्या घरून कळलं. त्यांच्या बायकोने सांगितलं.  दुसऱ्या दिवशी पहाटे ते फिरायला आले. मी म्हणालो, "आबा, काल..." ते म्हणाले, "पाय दुखी राहिनात आज. एकच फेरी मारू." एक फेरी मारली आणि घरी गेलो.

पंधरवडा गेला असेल. मी संध्याकाळी आबांकडे बसलो होतो. चहा झाला होता, कप-बशी हातात होती. दारात मोटारसायकल थांबली आणि एक तरुण माणूस आत आला. तिचा भाऊ. जळगावला काही कामाला आला होता. आबांच्या बायकोने पाणी दिलं, ते त्याने घेतलं, पण बसला नाही.

"एक काम सांगेल व्हतं, आबा. एक."

आबा खाली बघत राहिले.

"बठ्ठा गाव थांबेल व्हता. माय म्हने, पोर येऊ दे, पोर येऊ दे. कितला फोन कयात तुम्हले."

"चुकनं भो," आबा म्हणाले.

"स्टेशनमाच सांगी टाकं तुम्ही? तठेच? आनि मंग गाडीबी जाऊ दिधी?"

त्याची बहीण त्याला काय बोलली असेल, ते माझ्या लक्षात आलं. तिला मी आठवतच नसणार. मशीनपाशी कुणीतरी म्हातारा काहीतरी बोलला एवढंच. तिला खरं कळलं ते आबांच्या चेहऱ्यावरून. तिच्या दृष्टीने तिला सांगितलं ते आबांनीच.

मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. बशी माझ्या हातात होती आणि तिच्यात चहाचा शेवटचा घोट होता. "आबा नव्हे, मी बोललो," एवढे चारच शब्द होते. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांनी बघितलं नाही कारण त्यांना मला त्यात ओढायचं नव्हतं, आणि मी ते ओळखलं आणि तसंच राहू दिलं. मी तो घोट प्यायलो.

तो मुलगा वाईट नव्हता. जाताना आबांच्या पाया पडला. पण दारातून म्हणाला, "आतेपासून आम्हीच आनत जासू आमन्या बहिनीस्ले." आता आमच्या बहिणींना आम्हीच आणत जाऊ.

आणि तसंच झालं. आबांना फोन येणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. लग्नाच्या पत्रिका येत होत्या, लोक भेटत होते. पण गावात कुणी गेलं की आबांना ते आमच्यासारखंच, मोबाईलवरच्या फोटोवरून कळायचं. ते फोटो बघायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "हिनी पोर रावेरले दिधेल शे. कोन आनाले गया व्हई?" हिची मुलगी रावेरला दिली आहे, कोण आणायला गेलं असेल? मग थोड्या वेळाने, "तो सांगी टाकी. त्याले धीर नही निघत." जो गेला असेल तो वाटेतच सांगून टाकेल, असं त्यांना वाटायचं. खुंटीवरची पिशवी त्यांच्या बायकोने एक दिवस भाजीला वापरायला काढली. 

मी मशीनवरचं काम आणखी काही महिने केलं. लोकांना आता रिटर्न हवं का एवढंच विचारायचो, मशीन विचारतं तेवढंच आणि तसंच. रांग सावकाश सरकायची. मग कार्ड परत केलं. घरी गुडघे दुखतात असं सांगितलं.

काही वर्षांनी आबा मुलाकडे धुळ्याला राहायला गेले. आबांची बायको गेली होती, गुडघे थकले होते, मुलाने नेलं. मी भेटायला जायचो, पारोळ्यावरून एसटीने. दर खेपेला गाडीत बसलो की ठरवायचो, आज बोलायचं. वाक्य तयार असायचं. पारोळ्याचा किल्ला मागे पडेपर्यंत ते मनात पाठ करायचो.

एका खेपेला आबा म्हणाले, "बरा उना. चाल, मी जित्ता शे का नही ते इचारी येऊ." पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, आणि तो आता अंगठा लावून मशीनवर होतो. बँकेच्या शेजारच्या केंद्रात गेलो. काचेच्या त्या लहानशा डबीवर आबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. आयुष्यभर तिकिटं फाडून आणि नाणी चाचपून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेल्या होत्या.

"मशीन म्हनस, मी नही शे," आबा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. "मंग माले घर तरी जाऊ दे, लोके वाट दखी राहिनात व्हतीन."

ती हसली. मागे उभे असलेले दोन म्हातारे हसले. एक म्हणाला, "आबा, दुसरा अंगठा लावी दखा. तो आखो जित्ता व्हई."

मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा त्यांचा हात धरून दाबता का? थरथर होते ना." मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि अंगठा काचेवर धरून ठेवला. असा त्यांचा हात मी कधी धरला नव्हता. कोरडा, हलका हात. आम्ही दोघंही त्या दिव्याकडे बघत होतो. बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. तेवढ्यात आबाच म्हणाले,

"मशीन बरं, नाना. ते जास्ती इचारत नही."

हे ते मला म्हणाले, की नुसतंच म्हणाले, मला आजही माहीत नाही. आवाजात टोमणा नव्हता. आबांच्या आवाजात टोमणा असला की तो लपत नसे. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते दिव्याकडे बघत होते. मग दिवा हिरवा झाला, मुलगी "झालं" म्हणाली, मागचा म्हातारा पुढे सरकला आणि माझ्या हातातला हात त्यांनी सोडवून घेतला.

संध्याकाळी ते मला सोडायला धुळ्याच्या स्टँडवर आले. मी म्हणालो, "आबा, त्या शिंदखेड्याच्या मुलीचं..." त्यांनी लगेच बोट दाखवलं. "जळगाव लागनी दख. खिडकी धर जाय." आणि मी गेलो. खिडकीत बसलो. गाडी वळेपर्यंत ते खाली उभे होते, कंडक्टर पुढच्या माणसांना कसं चढवतो ते बघत.

तीच शेवटची भेट. हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. मी अंत्यविधीला पोहोचू शकलो नाही, दोन दिवसांनी धुळ्याला दारावर गेलो. ओट्यावर पुरुष बसले होते, आत बायका. त्या मुलीचा भाऊही आला होता, आता त्याचेही केस पिकायला लागले आहेत. कुणी आबांच्या नोकरीतल्या आठवणी सांगत होतं, कुणी त्यांच्या विनोदांच्या. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "देवमाणूस व्हता. आम्हना येले तेवढं चुकनं त्याले." आमच्या वेळेला तेवढं त्याचं चुकलं. त्याच्या बोलण्यात राग उरला नव्हता. त्याने माफ करून टाकलं होतं, ज्याने काही केलंच नव्हतं त्या माणसाला. सगळ्यांनी मान डोलावली. माझीही मान हलली असावी, कारण माझ्या शेजारचा म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे वाटतं ते?"

"ऐकून आहे," मी म्हणालो.

उठलो तेव्हा पायरीपाशी बायका चपला शोधत होत्या. त्यात ती होती. मी ओळखलं. तिने मला ओळखलं नाही, ओळखण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी तिने बहुतेक माझी पाठच पाहिली असेल. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती थांबली. मला वाटतं, म्हाताऱ्याला काही हवंय असं तिला वाटलं असावं. मी तोंड उघडलं.

"बाबा, थोडं सरकतात का?" ती म्हणाली. "मनी चप्पल शे तठे."

मी सरकलो. तिने चप्पल घातली, पदर सारखा केला आणि रस्त्यावर थांबलेल्या भावाच्या मागे गेली.

तिला जे सांगायचं होतं ते इथे लिहितो. कुणी तिला वाचून दाखवलं तर बरं होईल. ताई, आबांनी तुला सांगितलं नव्हतं. त्यांना तुला तुझ्या आईच्या दारापर्यंत न्यायचं होतं आणि त्यांनी ते नेलं असतं. तुझ्याकडे न बघता बोलला तो मी. आणि तू खाली बसलीस तेव्हा गावाकडे एक फोन करावा, ती दोघं निघू शकलेली नाहीत, थांबा, असं कळवावं, एवढंही मी केलं नाही. आबांच्या खिशातला वाजणारा मोबाईल मला ऐकू येत होता. मी तिकिटं देत होतो. तुझ्या वडिलांचं तोंड तुला दिसलं नाही, ते माझ्यामुळे. माझं चुकलं, ताई.

आणि आबा, तुमच्या घरी, तुमच्यासमोर, बशी हातात धरून मी गप्प बसलो. तेही माझंच चुकलं. मला माफ करा.